शाळेसाठीं लिलाव : विकावें काय, राखावें काय

ज्या शाळेंत आम्हीं कांहीं वर्षें संस्कृत शिकविलें, तिचें छप्पर मागील पावसाळ्यांत दोन ठिकाणीं खचलें. वर्गणी मागून मागून थकलेल्या माजी विद्यार्थ्यांनीं लिलावाची कल्पना काढली. प्रत्येकानें घरांतील एखादी जुनी, चांगली वस्तु शाळेस द्यावी, एका रविवारीं पटांगणांत त्या सर्वांचा लिलाव करावा, आणि येईल तो पैसा छपरास लावावा, असा बेत ठरला. जुन्या वस्तूंची आम्हांस थोडी पारख आहे असा गांवाचा समज असल्यामुळें यादी करण्याचें काम आमच्याकडे आलें. यादी करावयास बसलों तों पितळी समया, गंजलेली एक तलवार, किल्लीचें घड्याळ आणि तसबिरींच्या चौकटी यांच्या शेजारीं दोन रुमाल मोडी कागद व सात संस्कृत पोथ्या मांडलेल्या दिसल्या. वर चिठ्ठी होती : पोथ्या, नग सात, एकत्र बोली.

त्या चिठ्ठीनें जो प्रश्न उभा केला त्याचा इतिहासाच्या अंगानें विचार करावा म्हणून हा लेख लिहिला आहे. शाळेसाठीं लिलाव करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. या त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहांतील उत्तम पोथ्या कोणत्या ना कोणत्या विक्रींतूनच त्यांच्या हातीं आल्या आहेत. तेव्हां विक्रीस सरसकट नांवें ठेवण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासच नाहीं. प्रश्न एवढाच कीं, शाळेच्या नांवानें बोली पुकारतांना पुढें काय मांडावें. आमचें मत असें कीं, विकल्यानंतरही जें शाळेपाशीं शिल्लक राहतें तेंच विकावें; म्हणजे मान विकावा, ठेवा विकूं नये; आणि मानही मुदतीनें विकावा. हें मत आम्हीं कोठून बनविलें तें पुढें दाखवितों.

'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या बरोबर आला. त्यांच्या शब्दाचें मूळ जाहीर करणें या अर्थाच्या अरबी शब्दांत आहे. आपल्याकडे रूढ असलेला दुसरा शब्द 'हराजी', तोही अरबीच. यान ह्युखेन वान लिन्स्खोतेन हा डच गृहस्थ इ. स. १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्यांत आर्चबिशपच्या पदरीं होता. त्याचा प्रवासवृत्तांत १५९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गोव्याच्या मुख्य रस्त्यावर, रविवार व सणाचे दिवस सोडून, रोज सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं भरणाऱ्या लिलावाचें वर्णन आहे. पुकारे करणारे लोक विकावयाच्या सोन्याच्या सांखळ्या, मोत्यें, जवाहीर अंगावरच लटकावून फिरत. अरबी घोडे, मसाले, सुगंधी द्रव्यें तेथें विकलीं जात. आणि त्यांच्याच ओळींत गुलाम स्त्री-पुरुषही उभे असत. आपल्या भाषेंतील हा साधा शब्द ज्या रस्त्यावरून चालत आला तो रस्ता असा आहे.

देशावरचा प्रकारही फारसा भूषणावह नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभाराविषयीं एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत लिहिलें आहे कीं, मामलती हुजुरांतील खिदमतगारांत चढत्या बोलीनें दिल्या जात. ज्यानें अधिक रक्कम कबूल केली त्यानें ती रयतेकडून वसूल केली, यांत नवल तें काय? पुकारणारा जें समोर ठेवावें तें पुकारतो. घोडा, माणूस, मामलत कीं पोथी, त्यास सारखेंच.

उलट पक्षीं, विद्येच्या देवघेवींत पैशाचा वासही नको असें म्हणणारें आपलें शास्त्र आहे. मनूनें वेतन ठरवून पढविणाऱ्यास, म्हणजे भृतकाध्यापकास, श्राद्धाच्या पंक्तींतून वगळलें आहे. (तीस वर्षें दरमहा पगाराच्या पावतीवर सही केलेल्या आमच्यासारख्यानें हें वचन फार मोठ्यानें सांगूं नये हें बरें.) पुराणांनीं पुस्तकदानाचें पुण्य पुष्कळ गाइलें आहे, पण ज्यास पुस्तकें दान मिळालीं त्यानें छप्पर कशाच्या बळावर शाकारावें हें कोठें सांगितलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. ही अडचण ज्यांनीं सर्वांत चतुराईनें सोडविली ते आमच्या मतें जैन संघ होत, आणि त्यांची रीत पोथी जमविणाऱ्यांनीं तरी नीट समजून घेण्यासारखी आहे.

श्वेतांबर मूर्तिपूजक जैनांच्या पर्युषणपर्वांत कल्पसूत्राचें वाचन होतें. वाचनाच्या आदल्या दिवशीं ग्रंथाची प्रत एका श्रावकाच्या घरीं नेतात. तेथें रात्रभर भक्ति-जागरण होतें. आणि दुसऱ्या दिवशीं वाजतगाजत ती उपाश्रयांत आणून साधुमहाराजांच्या हातीं देतात. प्रत घरीं नेण्याचा व ती साधूंस अर्पण करण्याचा मान बोलीनें दिला जातो. महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशीं त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा उतरविण्याचा व त्यांस हार घालण्याचा मानही असाच बोलीनें जातो. पूर्वीं ही बोली रुपयांत न बोलतां तुपाच्या मणांत बोलत. मणाचा दर संघानें ठरविलेला असे. पुणें, मुंबई, कोल्हापूर येथील गुजराती व मारवाडी जैनांच्या शेजारीं राहिलेल्या वाचकांनीं 'घी बोलणें' हा वाक्प्रचार ऐकला असेल.

यांत तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, बोली ग्रंथाची नाहीं, ग्रंथ डोक्यावर घेण्याची आहे. सकाळीं ग्रंथ परत येतो; पुढल्या वर्षीं तोच मान पुन्हां पुकारला जातो; ठेवा झिजत नाहीं आणि उत्पन्न थांबत नाहीं. दुसरी ही कीं, आलेल्या पैशाचीं खातीं वेगळीं असतात. देवद्रव्य देवाकडे, ज्ञानद्रव्य ज्ञानाकडे, म्हणजे ग्रंथ लिहविणें, ते जतन करणें, भांडारें राखणें यांकडे. एका खात्याचा पैसा दुसऱ्यास लावणें हा दोष मानला आहे. पाटण व जेसलमेर येथील भांडारांतील ताडपत्रें आपल्या डोळ्यांस पडतात त्याचें श्रेय कोरड्या हवेस व भक्कम तळघरांस देण्याची चाल आहे. त्या ज्ञानखात्यासही थोडें द्यावें. तिसरी गोष्ट व्यवहाराची. भर सभेंत, नातलगांच्या व व्याह्यांच्या डोळ्यांदेखत, माणूस बोलून जातो आणि घरीं गेल्यावर त्यास पश्चात्ताप होतो. म्हणून बोलीची रक्कम विनाविलंब भरावी असा दंडक आहे. शाळेच्या लिलावास निघालेल्या मंडळींनीं ही तिसरी गोष्ट पहिल्या दोहोंइतकीच गांठीस बांधावी.

आतां याहून निराळें उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें घेतों. परंतु त्याचा एक धागा जिंजीच्या किल्ल्यांत छत्रपति राजाराममहाराजांच्या दरबारापर्यंत जाऊन पोहोंचतो, म्हणून तें या त्रैमासिकास अगदींच परकें नाहीं.

अमेरिकेंतील कनेटिकट वसाहतींत १७०१ सालीं धर्मोपदेशक व राजकारभारी तयार करण्यासाठीं एक शाळा निघाली. तिला स्वतःचें असें नांव नव्हतें आणि कायमची जागाही नव्हती. वर्ग आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं, असें चालत असतां १७१६ सालीं न्यू हेवन येथें कायम राहावें असें ठरलें. इमारतीचें लांकूडकाम सुरू झालें. आणि पैसा संपला. येथपर्यंतची हकीकत आमच्या शाळेहून फारशी वेगळी नाहीं.

वसाहतीचा लंडन येथील वकील जेरेमाया डमर हा या कामीं मोठा खटपटी निघाला. त्यानें आधींच लंडनच्या विद्वानांकडून शाळेसाठीं शेंकडों पुस्तकें मिळवून १७१४ सालीं रवाना केलीं होतीं. न्यूटननें आपले ग्रंथ दिले ते याच वेळीं. पुस्तकें देणाऱ्यांत एलिहू येल नांवाचा एक धनाढ्य व्यापारीही होता. येलचा जन्म १६४९ सालचा, बोस्टनचा; पण लहानपणींच त्याचें कुटुंब विलायतेस गेलें आणि त्यानें अमेरिका पुन्हां कधींच पाहिली नाहीं. १६७२ सालीं तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून मद्रासेस आला आणि १६८७ सालीं तेथला गव्हर्नर झाला.

याच काळांत महाराष्ट्राचें राजकारण कर्नाटकांत उतरलें होतें. रायगडावरून निसटलेले राजाराममहाराज १६८९ सालाच्या अखेरीस जिंजीस पोहोंचले. पैशाची निकड अतोनात होती. कडलूरजवळचा तेगनापट्टणचा समुद्रकांठचा किल्ला, शिवाजीमहाराजांनीं १६७७ सालीं जिंजी प्रांत घेतला तेव्हांपासून मराठ्यांच्या अंमलाखालीं आलेला, तो १६९० सालीं इंग्रजांस विकण्यांत आला. इंग्रजांच्या बाजूनें हा सौदा येलच्या कारकीर्दींत झाला. किल्ल्याबरोबर किती मुलूख द्यावयाचा याचें माप मोठें मौजेचें होतें : किल्ल्यावरून तोफ डागावी व गोळा जेथवर जाईल तेथवरचीं गांवें इंग्रजांचीं. मद्रासेहून चांगली तोफ आणि कसबी गोलंदाज मुद्दाम पाठविला गेला, हें सांगावयास नकोच. त्या गांवांस पुढें 'गोळ्याचीं गांवें' असें नांवच पडलें. किल्ल्याचें नांव सेंट डेव्हिड ठेवण्यांत आलें. येलचा एकुलता एक मुलगा डेव्हिड दोन वर्षांपूर्वींच, १६८८ सालीं, मद्रासेस वारला होता. त्याची समाधि त्या शहरांत आहे. ही पुत्रहीनता पुढें शाळेच्या उपयोगी पडली.

१६९२ सालीं येल गव्हर्नरीवरून दूर झाला; कंपनीचा अधिकार खाजगी व्यापारास वापरल्याचे आरोप त्याच्यावर होते. १६९९ सालीं तो हिरे, कापड व अपार संपत्ति घेऊन लंडनास परतला. त्या काळीं लंडनमध्यें कंपनीचा माल मेणबत्तीच्या लिलावानें विकला जाई. बोटभर मेणबत्ती लावावयाची आणि ज्योत विझण्यापूर्वीं शेवटची बोली ज्याची, माल त्याचा. सॅम्युएल पेपीस यानें ३ सप्टेंबर १६६२ च्या आपल्या रोजनिशींत अशा लिलावाची एक गंमत नोंदविली आहे : एक गृहस्थ दर वेळीं नेमका शेवटच्या क्षणीं बोले, विचारतां त्यानें सांगितलें कीं, वात विझण्याच्या ऐन आधीं धूर खालीं वळतो, तो पाहून मी बोलतों. असो.

१७१८ च्या जानेवारींत बोस्टनचा धर्मोपदेशक कॉटन मॅदर यानें येलला पत्र लिहून सुचविलें कीं, आपण शाळेस साह्य केल्यास तिला आपलें नांव देतां येईल आणि तें स्मारक पुत्रपौत्रांहून, मिसर देशच्या पिरॅमिडाहूनही, टिकाऊ होईल. ज्याचा पुत्र मद्रासच्या मातींत होता त्यास हें लिहिलें होतें. पत्र लिहिणारा मनुष्य मतलबी होता असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणतों, त्यानें गिऱ्हाइकाची गरज ओळखली. येलची शंका वेगळीच होती. तो इंग्लंडच्या राजमान्य चर्चचा, आणि शाळा त्या चर्चपासून फुटून निघालेल्यांची. अशांस मदत करणें योग्य काय, असें त्यानें विचारलें. ही समजूत काढण्याचें काम डमरनें केलें. शाळेचें नांव येलचें झालें. दोन्ही वेळां दारोदार फिरलेल्या डमरच्या वांट्यास आलें नाहीं. मध्यस्थांचें बहुधा असेंच होतें.

येलनें रोकड दिलीच नाहीं. त्यानें मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तकें आणि पहिल्या जॉर्ज राजाची तसबीर जहाजावर चढविली. गठ्ठ्यांत कॅलिको, मलमल, पॉपलीन, लोंकरी कापड असे निरनिराळे प्रकार होते. कॅलिको हें नांवच कालिकतवरून पडलेलें. तें कापड आणि मलमल त्या काळीं मुख्यतः हिंदुस्थानांतून विलायतेस जाई. हिंदुस्थानच्या छापील कापडाचा वापर इंग्लंडांत १७०१ पासून कायद्यानें बंद होता, मात्र तें बाहेर पाठविण्यास हरकत नव्हती. गठ्ठे बोस्टनच्या बाजारांत विकले गेले आणि ५६२ पौंड १२ शिलिंग आले. त्याच सालच्या सप्टेंबरांत, पदवीदानाच्या समारंभांत, शाळेस येल कॉलेज असें नांव देण्यांत आलें.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावें. शाळेनें कापड विकलें; पुस्तकें विकलीं नाहींत, तसबीरही विकली नाहीं. पैशाची इतकी ओढ असतांनाही काय बाजारांत जावयाचें व काय कपाटांत, हा विवेक त्या खेडवळ शाळेच्या विश्वस्तांपाशीं होता. त्यांच्या पुस्तकांवर दुसरें संकट मात्र आलेंच. जुना ग्रंथसंग्रह सेब्रुक गांवीं होता. तो न्यू हेवनला नेऊं लागतांच गांवकऱ्यांनीं अडविलें. गाड्यांचे बैल सोडून दिले, पूल मोडले. या धामधुमींत सुमारें अडीचशें ग्रंथ नाहींसे झाले. गांवकऱ्यांचें ग्रंथप्रेम पाहून आनंद मानावा कीं ग्रंथ गेल्याचें दुःख करावें, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

येल १७२१ सालीं वारला. मृत्युपत्राच्या मसुद्यांत शाळेच्या नांवें ५०० पौंड असूनही तें कायदेशीर रीतीनें पुरें न झाल्यामुळें शाळेस त्यांतील कांहीं मिळालें नाहीं. त्याचीं चित्रें, जडजवाहीर, सामानसुमान मात्र लंडनमध्यें १७२१ पासून १७२३ पर्यंत एकामागून एक लिलावांत निघालें आणि चारी दिशांस गेलें. आयुष्यभर जमविलेला संग्रह दोन वर्षांत पांगला. कापडाचे नऊ गठ्ठे देऊन घेतलेलें नांव मात्र तीनशें वर्षें राहिलें आहे.

आणि येथेंच या सौद्याची दुसरी बाजू सुरू होते. येलच्या कारकीर्दींत मद्रासच्या कौन्सिलनें सेंट हेलेना बेटाकडे जाणाऱ्या जहाजांनीं गुलाम न्यावे असे हुकूम काढले होते. विद्यापीठाच्या संग्रहांत येलचें एक चित्र आहे. त्यांत तो आप्तांसह बसला असून शेजारीं गळ्यांत धातूचें कडें घातलेला एक गुलाम मुलगा उभा आहे. तें चित्र २०२० सालीं भिंतीवरून उतरविलें व त्याचा अभ्यास झाल्यावर २०२२ सालीं पुन्हां लावलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें डेव्हिड ब्लाइट यांचा विद्यापीठ व गुलामगिरी यांच्या संबंधाचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठानें त्या संबंधाबद्दल जाहीर क्षमा मागितली. त्याच विद्यापीठानें एका वसतिगृहास दिलेलें कॅल्हून याचें नांव, तो गुलामगिरीचा कैवारी होता म्हणून, २०१७ सालीं काढलें. स्वतःचें नांव मात्र काढलें नाहीं, आणि तें काढणें आतां सोपेंही नाहीं. कल्पसूत्राचा मान एका रात्रीचा असतो. ज्याच्या घरीं ग्रंथ राहिला तो मनुष्य पुढें कसा निघाला याची चिंता संघास करावी लागत नाहीं. न्यू हेवनच्या विश्वस्तांनीं मान विकला हें बरोबर केलें. निरवधि विकला ही चूक. अर्थात् छप्पर गळत असतांना तीनशें वर्षांपुढचें कोणास दिसतें, हेंही आम्ही जाणून आहों.

मान आणि वस्तु यांची फारकत आपल्या डोळ्यांपुढें सर्वांत स्पष्ट कोणी दाखविली असेल तर ती गांधीजींनीं. नोव्हेंबर १९३३ मध्यें वर्ध्याहून निघून त्यांनीं जो हरिजन दौरा केला त्यांत गांवोगांवीं मिळालेलीं मानपत्रें व त्यांचे करंडक ते त्याच सभेंत लिलावास काढीत. मानपत्राच्या कागदाची किंमत ती काय? परंतु तें त्यांच्या हातून घेण्याची किंमत होती. दिलेला मान त्यांनीं तेथल्या तेथें पुन्हां विकला आणि पैसा कामास लावला. याच्या शेजारीं कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची गोष्ट ठेवावी. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं त्यांनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडलें. तेथें बोली नव्हती, सभा नव्हती. आणि मोडलेलें परत येणारें नव्हतें. अशा त्यागाची अपेक्षा धरून कोणत्याही शाळेनें बेत आंखूं नये.

आतां पुन्हां आमच्या पटांगणाकडे वळतों. समितीस आम्हीं प्रथम कायदा सांगितला, कारण इतिहास सांगितला असतां तर कोणी ऐकला नसता. १९७२ च्या पुरावस्तूंसंबंधींच्या कायद्याप्रमाणें पंचाहत्तर वर्षांहून जुनें, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाचें हस्तलिखित ही पुरावस्तु ठरते, आणि पुरावस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं. इतर वस्तूंस ही मुदत शंभर वर्षांची आहे. हें ऐकल्यावर तलवार व पोथ्या दोन्ही टेबलावरून उतरल्या. मग, टेबल रिकामें झालें, आतां विकावयाचें काय, असें सेक्रेटरींनीं किंचित् रागानें विचारलें. तेव्हां आम्हीं वरील दोन उदाहरणें त्यांच्यापुढें मांडलीं.

समया, घड्याळ, चौकटी विकल्याच. पण त्यांच्या मधून मधून मान पुकारले. नव्या छपराखालीं पहिली घंटा देण्याचा मान; पहिल्या दिवशीं दहावीच्या वर्गाचा हजेरीपट वाचण्याचा मान; सहा पोथ्यांस नवीं वेष्टनें व शिसवी फळ्या देऊन त्यांच्या एक वर्षाच्या जोपासनेचा मान, त्याबद्दल कपाटावर देणाराचें नांव एक वर्षापुरतें. (पोथ्या सात असतां सहा कां, हें खालीं येईल.) वर्ष संपतांच पाटी उतरवून तो मान पुन्हां पुकारावयाचा असें ठरविलें. पोथ्यांच्या मानाचा पैसा छपरास लावावयाचा नाहीं, त्याचें खातें वेगळें, हें जैनांकडून घेतलें. बोलीची रक्कम पटांगण सोडण्यापूर्वीं भरावयाची, हेंही. फलकावर प्रत्येक मानाची किमान बोली खडूनें लिहून ठेविली होती, त्यामुळें सुरुवातीचा संकोच लवकर मोडला.

सर्वांत अधिक चढाओढ हजेरीपटासाठीं झाली. ज्यांचीं नांवें त्या पटावर वर्षानुवर्षें गैरहजर म्हणून लागलीं असे दोन गृहस्थ, आतां दोघांचे केस पिकलेले, एकमेकांवर बोली चढवीत गेले. एकट्या त्या मानास सर्व पितळी वस्तूंच्या बेरजेहून अधिक पैसा आला. घंटेचा मान गांवांतील शिंप्याच्या मुलीनें घेतला. ती बाहेरगांवीं डॉक्टर आहे. पोथ्यांच्या वेष्टनांस मात्र फक्त दोन बोल्या झाल्या, आणि दुसरी आमची होती, हें लपवून काय उपयोग? या मानांस अजून लोकांची संवय नाहीं. पर्युषणांतील बोलीमागें पिढ्यापिढ्यांचें वळण आहे; शाळेस तें एका रविवारांत कोठून येणार? यावर्षीं पाटी उतरेल तेव्हां पुन्हां पुकारावी लागेल.

आतां सातव्या पोथीविषयीं. आम्ही यादी करावयास बसण्याच्या आदल्या दिवशींच समितींतील एका उत्साही तरुणानें, शाळेचें भलें व्हावें याच बुद्धीनें, शहरांतून आलेल्या एका गिऱ्हाइकास सातांतील एक पोथी रोख पैसे घेऊन देऊन टाकली होती. चिठ्ठीवर सातचा आंकडा तसाच राहिला. आम्हीं मोजल्या तेव्हां सातवें वेष्टन रिकामें निघालें. वेष्टनाच्या कापडावर शाईनें नांव होतें : लीलावती. लिलावांत लीलावती गेली, असा विनोद सभेंत एकानें केला, आणि लोक हंसलेही.

भास्कराचार्यांच्या त्या ग्रंथाच्या प्रति दुर्मिळ नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ही प्रत त्याच गांवीं शिकविणाऱ्या एका पंतोजींच्या घराण्यांतली होती, आणि तिच्या समासांत मोडींत हिशेब केलेले होते, असें ती देणाऱ्या वृद्ध बाईंनीं सांगितलें. म्हणजे ती पूजेची पोथी नव्हे, वापरातली. शंभर वर्षांपूर्वीं या भागांत गणित कसें शिकवीत याचा तो पुरावा होता. पुढें चार महिन्यांनीं एका शहरांत शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत आम्हांस तिचीं दोन पत्रें काचेच्या चौकटींत बसविलेलीं आढळलीं. एक एकोणिसावें, दुसरें सव्विसावें. पोथी सुटी करून पत्रापत्रानें विकली जात होती. जवळ होते तेवढ्या पैशांत एकोणिसावें घेतलें. सव्विसाव्यासाठीं दुसऱ्या आठवड्यांत गेलों, तों तें विकलें गेलें होतें. दुकानदारानें बाकीच्यांविषयीं कांहीं सांगितलें नाहीं.

गेल्या महिन्यांत राहिलेल्या सहा पोथ्यांचीं वेष्टनें बदलतांना एका स्तोत्रसंग्रहांत घुसलेलीं लीलावतीचीं पहिलीं अकरा पत्रें मिळालीं. कोणीं तरी पूर्वींच तीं चुकून तेथें ठेवलीं असावींत, आणि त्या चुकीनेंच तीं वांचलीं. अकरावें पत्र त्रैराशिकाच्या एका उदाहरणाच्या मध्यें तुटतें.

वाचकांच्या सोयीसाठीं खुणा देतों. कागद देशी, घोटलेला, किंचित् पिंवळट. पत्राची लांबी एक वीत व दोन बोटें, रुंदी पांच बोटें. प्रत्येक पृष्ठावर नऊ ओळी. श्लोकांचे आंकडे हिंगुळानें, खोडलेलीं अक्षरें हरताळानें झांकलेलीं. डाव्या समासांत वरच्या कोपऱ्यांत 'ली' व उजव्या समासांत खालीं 'राम', त्याखालीं पत्रांक. आणि समासांत निराळ्या, बारीक हातानें मोडी आंकडेमोड. पत्र १२ ते १८ आणि २० पासून पुढचीं सर्व आम्हांस हवीं आहेत. ज्यांच्या संग्रहांत अथवा भिंतीवर असें पत्र असेल त्यांनीं कृपा करून मंडळाच्या चिटणिसांकडे पत्रांक कळवावा. पत्र परत देणें जमत नसेल तर दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो पाठविला तरी चालेल. त्याचा खर्च पोथ्यांच्या खात्यांतून दिला जाईल.